अनुदानावर आलेलं भाताचं बियाणं जीएम (जनुकीय फेरफार केलेलं) आहे म्हणतात, खरं काय? आणि पाकिटावर 'नॉन जीएम' छापायचं का?

कुणग्यातली (कुडाळ)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचा बायकांचा बचत गट आहे, उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, काजूगर असं पॅक करून विकतो, मे महिन्यात चाकरमानी आले की चांगला खप होतो, बाकी वर्षभर ठाणे-पुण्याला पार्सल जातात. आता दोन भानगडी एकदम अंगावर आल्यात. पुण्याच्या एक ताई मोठी ऑर्डर देतायत पण त्यांचं म्हणणं पाकिटावर 'नॉन जीएम' असं ठळक छापून द्या, त्यांच्या सोसायटीत हल्ली लोक तेच बघून घेतात. आणि इकडे वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतंय की अनुदानावर आलेलं भाताचं बियाणं जीएम आहे, त्याची पेज प्यायली तर पोरंबाळं होत नाहीत, गुरांनी गवत खाल्लं तर गाभ राहत नाही वगैरे वगैरे. मला ते पोराबाळांचं काही पटलेलं नाही पण सासूबाईंनी पिशवी पडवीतून उचलून थेट मांगरात नेऊन टाकलीय आणि इकडे तरवा (भाताची रोपं) टाकायची वेळ आली. त्यात भावोजी म्हणतात की सरकारनेच 'एडिट' केलेलं भात काढलंय, पेपरात आलं होतं, मग ते जीएमच झालं ना? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, आणि फॉरवर्ड नको प्लीज, फॉरवर्ड आमच्याकडे भरपूर आहेत.

दापोलीचा_अॅग्रीवाला

ताई, आधी पिशवी मांगरातून बाहेर काढा, उंदीर खातील.

भारतात जीएम भाताला लागवडीची परवानगीच नाही. आजच्या घडीला कायदेशीर पिकतं असं जीएम पीक एकच, बीटी कापूस (अळी लागू नये म्हणून जनुक घातलेला), त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बीटी वांग्याला २००९ मध्ये दिल्लीच्या जीईएसी ह्या जीएमला परवानगी देणाऱ्या सरकारी समितीने हिरवा कंदील दिला होता पण फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली ती अजून आहे. तेच वांगं बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी लावतायत. जीएम मोहरीला २०२२ मध्ये समितीने पुढची परवानगी दिली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत दोन बाजूंना पडलं आणि ते तिथेच लटकलंय. भात ह्या यादीत कुठेच नाही.

तुमच्या पिशवीला टॅग असेल तो बघा, निळा असेल तर प्रमाणित बियाणं, त्यावर वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख सगळं असतं. ते नाव मला इथे टाका, मी सांगतो कुठलं आहे ते. कोकणात बहुतेक करून रत्नागिरी किंवा कर्जत सिरीजचंच असतं, ते आपल्याच कृषी विद्यापीठाच्या केंद्रांवर साधा संकर आणि निवड करून काढलेलं, त्यात जीएमचा काही संबंध नाही.

भावोजींचं मात्र अर्धं बरोबर आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने दोन जीनोम एडिटेड भाताचे वाण जाहीर केले, एक हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचं 'कमला' म्हणजे डीआरआर धान १००, ते सांबा मसुरीवरून काढलंय, आणि दुसरं दिल्लीच्या पुसा संशोधन संस्थेचं डीएसटी राईस १. ह्यांना सरकार जीएम म्हणत नाही. जीएममध्ये बाहेरच्या जीवाचं जनुक आणून घालतात, बीटीमध्ये मातीतल्या एका जिवाणूचं घातलंय. ह्या दोन वाणांत भाताच्या स्वतःच्याच जनुकात एका ठिकाणी बदल केलाय, बाहेरचं काही शेवटी त्यात राहत नाही. म्हणून मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा प्रकाराला जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. ही सूट द्यायला हवी होती की नको ह्यावर भांडण आहे आणि ते भांडण खोटं नाही, पण ते वाण तुमच्या पिशवीत आहे ह्याची शक्यता मला फार कमी वाटते.

पोरंबाळं न होण्याच्या गोष्टीला काही आधार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास चाळून मोठा अहवाल काढला, बाजारातल्या जीएम पिकांचं खाणं साध्या पिकाच्या खाण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे असा पुरावा त्यांना मिळाला नाही. आपल्याकडे ज्या उंदरांच्या गाठींचे फोटो फिरतात तो २०१२ चा फ्रान्समधला प्रयोग, तो छापणाऱ्या मासिकानेच पुढच्या वर्षी मागे घेतला, उंदीर फारच थोडे होते आणि ती जातच अशी की वय झालं की आपोआप गाठी येतात. फोटो मात्र अजून फिरतोय.

चाकरमानी_विरार

भात नसेल हो, पण बाकीचं काय? बिया नसलेलं कलिंगड, ती पांढरी व्हेनामी कोळंबी जी हल्ली सगळ्या हॉटेलात आपली म्हणून खपवतात, तिलापिया, नारळाएवढे पेरू, हे सगळं जीएमच आहे की. गावाला येऊन पण आम्ही हेच खायचं का? माझं तर मत आहे ताई छापून टाका नॉन जीएम, गिऱ्हाईक मागतंय ना, आणि आम्हाला काय पोटात जातंय ते कळायचा हक्क आहे.

दापोलीचा_अॅग्रीवाला

ह्यातलं एकही जीएम नाही. बिनबियांचं कलिंगड संकर करून काढतात, गुणसूत्रांची संख्या विषम झाली की बी धरतच नाही. व्हेनामी ही मूळची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची कोळंबी, २००९ पासून आपल्याकडे परवानगीने वाढवतात, परकी आहे पण जीएम नाही. गिफ्ट तिलापिया पिढ्यानपिढ्या चांगले मासे निवडून तयार केलाय. मोठा पेरू म्हणजे निवडीचा वाण आणि छाटणी. असं बघायला गेलं तर आपल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढला, नंतर १९९२ मध्ये पातळ कोयीचा 'सिंधू' काढला, त्याला कोणी हात लावायला घाबरलं नाही.

आणि आता गंमत ऐका. खरोखर जीएम पिकातून आलेलं काही आपल्या पोटात जात असेल तर ते वड्याच्या कढईतून जातं. आपण सोयाबीन तेल बाहेरून आणतो ते मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, आणि तिथलं सोयाबीन जवळजवळ सगळं जीएम. देशातला नव्वद टक्क्यांच्या वर कापूस बीटी, त्याच्या सरकीचं तेल फरसाणात जातं आणि पेंड गुरांना. रिफाइंड तेलात जनुक किंवा प्रथिन जवळपास उरत नाही म्हणून मी स्वतः बिनघोर खातो. पण लोक कलिंगडाला घाबरतात आणि बटाटेवडा हाणतात, ह्याला काय म्हणायचं.

चाकरमानी_विरार

मग तेलाच्या पिशवीवर लिहीत का नाहीत???

दापोलीचा_अॅग्रीवाला

तो प्रश्न एकदम रास्त आहे. १ जानेवारी २०१३ पासून वजनमापाच्या नियमात घातलं होतं की जीएम अन्न असलेल्या पाकिटावर वरच्या बाजूला 'जीएम' लिहायचं. मी तरी आजवर एकाही पाकिटावर बघितलेलं नाही. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वेगळा मसुदा काढला, एक टक्का किंवा त्याच्यावर असेल तर लेबल लावा असा. अमेरिकेत २०२२ पासून लेबल सक्तीचं आहे आणि तिथे काही आभाळ कोसळलं नाही, लोक घेतायत. इथे सांगायलाच का घाबरतात कळत नाही, आणि लपवलं की माणूस म्हणणारच काहीतरी काळंबेरं आहे.

गजालवालो (मालवण)

आता मी बोलतंय. वर लिवलला सगळा खरा आसतला, माका त्यातला निम्मा कळणा नाय, पण माझो प्रश्न येगळो आसा. आमच्या बापाशीक सांगल्यानी युरिया घाल, घातल्यान. मगे सांगल्यानी ह्या औषध फवार, फवारल्यान. आता तेच लोक गाडी घेवन येतत आणि सांगतत तां सगळा इख होता, सेंद्रिय करा, शेणखत घाला. अरे मेल्यांनो शेणखत तर आमी आधीच घालीत होतो!

पुढचं मराठीत लिहितो नायतर मुंबयवाल्यांक कळाचा नाय. माझं म्हणणं इतकंच की प्रयोगशाळेत काय सापडलं ते तुम्ही सांगताय, मान्य. पण उद्या काही बिनसलं तर भरपाई कोण देणार ते कोणीच सांगत नाही. बीटी वांग्याच्या वेळी देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या झाल्या, महाराष्ट्रातली नागपूरला. मालवणहून नागपूरला कोण जाणार हो, इथे तालुक्याला जायला एसटी मिळत नाही. विचारल्याशिवाय आणलं की लोक अफवेवर विश्वास ठेवणारच, कारण अफवा सांगणारा निदान आपल्या वाडीतला असतो, तो उद्या तोंड चुकवून जाणार कुठे.

आणि आमचं वालय, मुणगा ह्या भातांचं काय? दुसरं भात शेजारच्या मळ्यात लावलं आणि ह्यात मिसळलं तर? तुम्ही म्हणाल भात स्वतःच्याच परागाने फळतं, लांब जात नाही. बरोबर. पण मिसळतं ते शेतात नाही, खळ्यावर आणि गिरणीत मिसळतं, ते कुठल्या पुस्तकात येत नाही.

दापोलीचा_अॅग्रीवाला

गिरणीचा मुद्दा लाख मोलाचा. २०२१ मध्ये युरोपात हेच झालं, भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात जीएम भाताचे अंश सापडल्याची तक्रार झाली आणि तिकडे काही मालही परत बोलवावा लागला. आपल्या सरकारने सांगितलं की आमच्याकडे जीएम भात पिकतच नाही, वाटेत कुठेतरी मिसळलं असेल. कुठे मिसळलं ते तुम्हा-आम्हाला कळलंच नाही. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या मार्चपासून आपण बाहेरून येणाऱ्या चोवीस पिकांना नॉन जीएम दाखला मागायला लागलो होतो, भात धरून.

माहेर_यवतमाळ (गुहागर)

मी इथे नेहमी फक्त वाचते पण आज लिहावंसं वाटलं, कारण इथे सगळे जीएमबद्दल बोलतायत आणि प्रत्यक्ष पेरलेलं बहुतेक कोणीच नाही. माझ्या माहेरी कापूस. बीटी आलं तेव्हा मी शाळेत होते आणि सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली, हे विरोध करणारे कधी सांगत नाहीत. आधी बाबा हिरव्या बोंडअळीवर फवारून फवारून थकायचे, घरात औषधाचा वास असायचा, ते फवारे एकदम कमी झाले, घरावर स्लॅब पडला तो त्याच पैशातून.

मग काय झालं तर सगळ्यांनी तेच लावलं. पाकिटासोबत एक छोटं पाकीट यायचं नॉन बीटीचं, ते शेताच्या कडेने लावायचं असतं म्हणजे अळीला खायला साधी झाडं राहतात आणि ती बीटीला सरावत नाही. आमच्याकडे कोणी लावलं नाही, कोणी नीट समजावून सांगितलंच नाही, आणि ज्याला चार एकर जमीन आहे तो अळीसाठी कशाला जागा सोडेल. गुलाबी बोंडअळी सरावली. २०१७ साली अख्ख्या विदर्भात बोंडं आतून किडली, आणि त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. म्हणजे ज्या फवारण्या कमी करायला हे आणलं त्याच परत आल्या.

त्यानंतर चोर बीटी. तणनाशक मारलं तरी मरत नाही असा कापूस, परवानगी नाही, पण सगळीकडे मिळतो. बाबांनी एका दुकानात पक्कं बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला बिल पाहिजे असेल तर दुसरं बियाणं घेऊन जा. उगवलं नाही तर जायचं कुणाकडे? २०१९ मध्ये अकोटला शेतकरी संघटनेने जाहीरपणे ते बियाणं लावून सत्याग्रह केला, आम्हाला तंत्रज्ञान घेऊ द्या म्हणून. म्हणजे शेतकरी सगळेच विरोधात आहेत असंही नाही, उलट पुष्कळांना ते हवंय. पण हवंय ते बिलासकट.

सासरी सगळे मला विचारतात बीटी विषारी आहे का. मी सांगते ते प्रथिन अळीच्या पोटात काम करतं, तिचं पोट अल्कलीचं, आपलं आम्लाचं, आणि तेच बीटी पावडर करून सेंद्रिय शेतीवाले सुद्धा फवारतात. खायची भीती मला नाही. मला भीती दुकानाची आहे.

गजालवालो (मालवण)

ह्या बायेन लाखातला एक बोलल्यान.

खारेपाट_पेण

मी जरा उलट बोलणार आहे, रागावू नका. आमची जमीन खाडीला लागून, खारबंदिस्ती फुटली की उधाणाचं पाणी आत, मग दोन-तीन वर्षं ते खाचर कामाचं नाही. पनवेलच्या खारजमीन केंद्राने काढलेली पनवेल १, २, ३ ही भातं आम्ही लावतो, त्यांनी आम्हाला तारलंय, पण मीठ फार वाढलं की तीही पिवळी पडतात आणि अख्खी आवणी वाया जाते. आता हे पुसाचं डीएसटी म्हणतात ते खारवट जमिनीसाठीच काढलंय ना? मग मला ते बघायचंय. माझ्या शेताच्या कोपऱ्यात, दहा गुंठ्यात, मला समोर दिसू दे. ज्यांची मळ्याची गोडी जमीन आहे त्यांनी 'निसर्गाशी खेळ नको' म्हणणं सोपं आहे, आमच्या जमिनीशी तर दर भरतीला खेळ चाललाय.

फक्त मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक, ते आपल्याकडच्या पावसात, आपल्या मिठाच्या जमिनीत कोणी लावून बघितलंय का, की दुसऱ्या राज्यातले आकडे आणून दाखवणार? दोन, बी दरवर्षी विकत घ्यायचं का? हायब्रीडसारखं झालं तर मला नको.

दापोलीचा_अॅग्रीवाला

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. ही दोन्ही वाणं हायब्रीड नाहीत, सरळ वाण आहेत, म्हणजे ह्या वर्षीचं चांगलं निवडलेलं भात पुढच्या वर्षी बी म्हणून चालतं. कर्जतच्या सह्याद्री हायब्रीडचं मात्र तसं नाही, ते दरवर्षी घ्यावं लागतं, आणि ती सुद्धा जीएम नाहीत, लोक हायब्रीड आणि जीएमची फार खिचडी करतात. शिवाय २००१ चा वाण संरक्षण कायदा आहे, त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला बी राखायला, पेरायला, शेजाऱ्याला द्यायला-विकायला मुभा आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. एडिटिंगच्या तंत्राचे पेटंट परदेशी कंपन्या आणि संस्थांकडे आहेत, त्याचं पुढे काय होणार हे सरकारने कागदावर स्पष्ट करावं, तिथे मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूने आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल, तुमच्या खारेपाटात लावून बघितल्याशिवाय मी तरी कोणाला लाव म्हणणार नाही. पनवेल केंद्राला गावातून पत्र द्या, दहाजणांच्या सह्यांचं, की आमच्याकडे चाचणी घ्या आणि शेतावरच कापणी करून वजन आमच्यासमोर करा. चाचणीच्या आकड्यांवर जीएमविरोधी संघटनांनी शंका काढलीच आहे, आयसीएआर म्हणजे केंद्राच्या शेती संशोधन परिषदेने ती फेटाळली, आता आपण दोघांचे कागद वाचत बसण्यापेक्षा खाचरात काटा लावलेला बरा.

कुणग्यातली (कुडाळ)

सगळ्यांचे आभार. टॅग निळा आहे, वाण कर्जतचं निघालं. सासूबाईंना टॅग वाचून दाखवला, त्या म्हणाल्या ठीक आहे पण घरच्या पेजेसाठी आपलं वालयच, हे विकायला लावा. त्यावर मी काही बोलले नाही.

लेबलाचं काय करू ते अजून सांगा. नॉन जीएम छापलं तर खोटं नाही होणार ना?

दापोलीचा_अॅग्रीवाला

खोटं नाही, पण फसवं आहे. देशात जीएम भातच नाही म्हटल्यावर फक्त तुमच्या पाकिटावर ते छापलं की शेजारच्या गटाचा तांदूळ जीएम आहे असा अर्थ निघतो. आणि उद्या कोणी चाचणीचा रिपोर्ट मागितला तर लॅबचा खर्च तुमच्या त्या ऑर्डरमधून निघणार नाही. छापायच्या आधी अन्न औषधच्या जिल्हा ऑफिसात विचारून घ्या.

माहेर_यवतमाळ (गुहागर)

त्यापेक्षा वाणाचं नाव छापा, गाव छापा, कुठल्या हंगामाचं ते छापा, आणि भात घरी उकडून कुठल्या गिरणीत भरडलंय ते. मी शहरात असते तर मला ते वाचून जास्त भरवसा वाटला असता.

चाकरमानी_विरार

हे पटलं. पण त्या पुण्याच्या ताईंना पटेल का?

कुणग्यातली (कुडाळ)

विचारलं त्यांना फोन करून. म्हणाल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बघते. बी सोमवारी भिजत घालतेय, पाऊस वेळेत आला तर.